गर्भपात केंद्रातल्या फलकाची कैफियत

मित्रांनो, मला चार कोपरे, चार स्क्रू आणि सात ओळी आहेत. तोंड तेवढं नाही. ते असतं, तर ही कैफियत मांडायची वेळच आली नसती.

मी एका गर्भपात केंद्राच्या बाहेरच्या खोलीतला जुना पत्र्याचा फलक. माझा जन्म कायद्याच्या पोटी झाला. प्रत्येक केंद्रात रुग्णांचे हक्क लिहून लावलेच पाहिजेत, असा तो कायदा. माझी अक्षरं एक इंचाची असावीत की दीड, यावर म्हणे विधानसभेत अकरा दिवस भांडण चाललं. एका सभासदाने रागाच्या भरात माईकच चावला आणि त्याची कवळी तिथेच लटकून राहिली! मला रंगवणाऱ्या रंगाऱ्याने हे शपथेवर सांगितलं. तो थापा मारताना ब्रश खाली ठेवायचा, आणि त्या वेळी ब्रश हातात होता. म्हणजे खरंच असणार.

त्याने माझ्यात जीव ओतला. पांढऱ्यावर निळी अक्षरं. 'निर्णय तुमचा आहे. कोणीही तुमच्यावर जबरदस्ती करू शकत नाही, तुम्हाला अडवूही शकत नाही. तुमच्याखेरीज कोणाच्याही सहीची गरज नाही. अगदी शेवटच्या क्षणीही तुम्ही मन बदलू शकता.' असं बरंच काही. शेवटचं टिंब देऊन तो म्हणाला, "जा लेका, कुणाचं तरी भलं कर." मी इतका फुगलो की चौकटीत बसेना.

केंद्रात मला खिडकीवरच्या कारकुनाच्या डोक्यावर लावलं. वर्षातून एकदा तपासनीस यायचा. टेपने माझी उंची मोजायचा, अक्षरं मोजायचा आणि 'ठीक' अशी खूण करून जायचा. हे कुणी वाचतं का, असा रकाना त्याच्या कागदात नव्हता.

एकदा एक शिंपीणबाई एकटीच आली. कारकून म्हणाला, "नवऱ्याची सही आणा. नंतर कटकट नको."

बाईने माझ्याकडे बोट केलं. "भाऊ, तुमच्या टाळक्यावर हे टांगलंय, ते वाचता येतं ना? की मी वाचून दाखवू, जोडाक्षरं फोडून?"

सगळी खोली हसली. कारकुनाने मुकाट्याने कागद पुढे केला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. आठवड्याभरात कारकुनाने मला काढून समोरच्या भिंतीवर, पाण्याच्या फिल्टरशेजारी हलवलं. "इथे उजेड बरा आहे," म्हणाला. धूळ पुसायला मात्र तिथे कुणी फिरकलं नाही.

मग एका सकाळी नणंद-भावजय आल्या. भावजय भिंतीला टेकून बसली. तिला अक्षरओळख नव्हती.

"वन्सं, मला ठेवायचंय हो हे मूल," ती हळूच म्हणाली.

"घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना? मग आता इथे तमाशा नको."

भावजयीने मान फिरवली. मग तिची नजर माझ्यावर आली. "त्या पाटीवर काय लिहिलंय?"

नणंदेने मला वाचलं. वरपासून खालपर्यंत, सातही ओळी. तिचे ओठ हललेले मी पाहिले. मग ती म्हणाली, "शांतता राखा. भिंतीला टेकू नका."

भावजय चटकन ताठ बसली.

"एवढं मोठं लिहिलंय, नि इतकंच?"

"सरकारी लिहिणं ते. अघळपघळच असतं."

मी ओरडलो. पत्र्याच्या ज्या ज्या भागातून आवाज निघू शकतो तिथून तिथून ओरडलो. फिल्टरमधलं पाणी थरथरलं म्हणतात, पण ते सांगणारा मीच. समोर पेपर वाचणाऱ्या एका गृहस्थांनी मात्र सारं ऐकलं होतं. त्यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर केला. कारकुनाला एकाएकी फार काम आठवलं.

आतून सिस्टर आली. "तयार आहात ना?"

"हो, तयार आहे ती," नणंद म्हणाली.

सिस्टरने भावजयीच्या तोंडून उत्तर यायची वाट पाहिली नाही. कागदावर अंगठा घेतला. त्या कागदावर माझ्याच सात ओळी छापलेल्या होत्या, मित्रांनो. अंगठा बरोबर मन बदलण्याच्या ओळीवर उमटला. दार लागलं.

मला नवा रंग नको, हार नको. तुम्ही शाळेत जाता, वाचता येतं म्हणून बक्षिसं मिळवता. मग एवढंच करा. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "काय लिहिलंय हो?" तर सगळं वाचा, मोठ्याने वाचा. कुणी दुसरंच काही वाचून दाखवत असेल, तर मध्ये बोला. आगाऊ म्हणतील. म्हणू देत.

ती भावजय दुपारी घरी गेली. मी तिच्यासाठी लिहिलेला होतो, आणि तिच्या लेखी मी अजूनही भिंतीला टेकू न देणारी एक पाटी आहे.