वाळू न पाहिलेली सुबारू

"आणि समजा, एक टायर फटा, तो?" वॉरनने विचारलं.

बॉनेटला टेकून उभा असलेला सिराज सरळ झाला. बहरीनमधल्या जिदहफ्सच्या बाजारात त्याचं मोबाइलचं दुकान होतं. गाडी त्याला पसंत होती, किमतीवरूनही खळखळ नव्हती, आणि आता हा माणूस त्याची तोंडी परीक्षा घेत होता.

"फटा तो नया डालेगा, और क्या?"

"एकच?"

"एक फटेगा तो एक डालेगा, भाई. चार क्यूँ डालेगा?"

वॉरनने किल्ली खिशात टाकली. "सॉरी, सिराजभाई. ये गाडी आपके लिए नहीं है."

सिराज बिचारा त्या खिशाकडे बघत दोन पावलं मागे सरला. मग हात उडवून, मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटत तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला. वर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सॅब्रिनाने, म्हणजे वॉरनच्या बायकोने, हा सगळा प्रकार पाहिला होता.

"घालवलंस यालापण?" तिने वरूनच विचारलं. "अरे, तू गाडी विकतोयस की मुलगी देतोयस? आता चर्चमध्ये लग्नाची नावं पुकारतात तशी तिचीपण पुकारून घे!"

"चारही चाकं एकसारखी झिजलेली लागतात हिला. एक नवं, तीन जुनी असं चालत नाही. आतले गियर खराब होतात. एवढं ज्याला कळत नाही त्याच्या घरी मी ही कशी देऊ?"

"मंगळवारचं विमान आहे आपलं! रविवारी नाव बदललं नाही ना, तर ही इथंच धूळ खात पडेल. मग बस तू नंदाखालला तिचा फोटो घेऊन!"

खोटं नव्हतं ते. वॉरन डिमेलो आता कायमचा वसईला, नंदाखालच्या घरी, निघाला होता. कंपनीत निवृत्तीचा केक कापून झाला होता, सामानाचे खोके जहाजाने पुढे गेले होते, व्हिसा संपत आला होता. उरली होती ती ही हिरवी सुबारू फॉरेस्टर. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी भारतात नेता येत नाही, आणि भारतात ही गाडी मिळतही नाही, त्यामुळे नंदाखालमध्ये कुणाला तिचं नावही ठाऊक नव्हतं. महिनाभर स्थळं येत होती. एक नाकारलं कारण त्याला इंजिन काढून दुसऱ्या गाडीत बसवायचं होतं. दुसऱ्याने गाडीत सिगरेट पेटवली. तिसऱ्याने विचारलं, "कोरियन है क्या?" त्याला तर वॉरनने पाणीसुद्धा विचारलं नाही.

या माणसाला सुबारूचं एवढं वेड का, असा प्रश्न कुणी चुकून विचारला, की संपलंच. वॉरन होता वायरमन. सित्राच्या औद्योगिक भागात जमिनीखालून जाणाऱ्या केबल जोडायच्या, कुठे वीज गेली की खड्डा उकरून त्यात उतरायचं, हेच त्याने आयुष्यभर केलं. एकदा एका नव्या सबस्टेशनच्या कामावर जपानहून एक म्हातारा इंजिनिअर आला होता. चहा पिताना त्याने वॉरनला सांगितलं, की त्यांच्याकडे उत्तरेला कमरेएवढा बर्फ पडतो. तिथल्या वीज कंपनीच्या लाइनमन लोकांना खांबापर्यंत पोचायला जीप होत्या, पण त्यांत थंडीने गारठून जायला व्हायचं आणि हाडं खिळखिळी व्हायची. तेव्हा त्यांनी सुबारूवाल्यांना विचारलं, की आम्हाला घरच्या गाडीसारखी ऊबदार गाडी मिळेल का, पण चारही चाकं ओढणारी? पूर्वी विमानं बनवणारी ती कंपनी. तिने साध्या स्टेशन वॅगनच्या मागच्या चाकांनाही जोर दिला. तिथून सगळं सुरू झालं. पुढे त्या गाड्यांनी जगभरच्या रॅली जिंकल्या, चिखल उडवत, बर्फ उडवत, पण त्यांचा पहिला मान वायरमनचा!

ही गोष्ट ऐकली त्या दिवशी वॉरनला रात्री झोप लागली नाही. जगात इतक्या गाड्या शेखांसाठी, साहेबांसाठी, पोरी फिरवणाऱ्या पोरांसाठी बनल्या, आणि एक आपल्यासाठी! त्यानंतर काही वर्षांनी देशी परतणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन साहेबाकडून त्याने ही फॉरेस्टर घेतली. तिचं इंजिन उभं नसतं, आडवं असतं, दोन्ही बाजूंचे पिस्टन मुष्टियोद्ध्यासारखे समोरासमोर ठोसे मारतात आणि म्हणून गाडी जमिनीला धरून राहते, हे त्याने फादरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना समजावलं होतं. ऐकणारा थकायचा, वॉरन नाही.

सिराज जाऊन तासही झाला नसेल, तोच अरादहून हाशिम नावाचं नवं गिऱ्हाईक आलं. पांढरा सदरा, डोक्याला सैल गुंडाळलेलं फडकं, गुडघ्यांत थोडा वाकलेला साठीपलीकडचा बहरीनी. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. हिंदी त्याला कामावरच्या सोबत्यांमुळे झकास येत होती.

"पहाड जैसी ऊँची गाडी मैं चढ नहीं सकता, घुटना खलास," तो म्हणाला. "और नीची गाडी सखीर की रेत में मेरे तंबू तक जाती नहीं. ये बराबर है."

वॉरनने परीक्षा सुरू केली. टायर फुटला तर?

"चारों बदलेगा. नहीं तो बीचवाला गियर मरेगा."

वॉरनचे कान उभे राहिले. बंद पडली तर?

"पूरी गाडी ट्रक के ऊपर. आगे का पहिया उठाके खींचना मफी, बिलकुल नहीं. हराम!"

वॉरनला भडभडून आलं. त्याने खिडकीकडे पाहत हाक मारली, "सॅब्रिना, चहा टाक! तीन कप!" म्हणजे स्थळ पसंत पडलं होतं.

हाशिमने पुढच्या जाळीवरच्या चिन्हावर बोट ठेवलं. एक मोठा तारा, पाच लहान. "ये सुरैया है ना? थुरैया? मेरे दादा मोती निकालते थे. ये तारे देखके मौसम पहचानते थे."

"हां हां! जपानी में सुबारू. हमारे में कृत्तिका!" वॉरन आनंदाने जवळजवळ ओरडलाच. एकाच आकाशातली ती चांदणी तिघांच्या तीन भाषांत होती, आणि ती त्याच्या गाडीच्या नाकावर होती. याहून चांगलं स्थळ देवाने पाठवलं नसतं.

मग हाशिम गुडघा सावरत खाली बसला आणि मोबाइलचा उजेड पाडून गाडीच्या पोटाखाली बघू लागला. बराच वेळ बघितलं. उठला तेव्हा तो हसत होता.

"वारेन भाई, नीचे तो दुल्हन जैसा है. एक खरोंच नहीं. रेत में कभी गयी नहीं?"

वॉरन बॉनेटवरची नसलेली धूळ पुसू लागला.

"सोळा वर्षांत डांबर सोडलं नाही तिनं," चहा घेऊन खाली आलेली सॅब्रिना म्हणाली, आणि मग तिला चेवच आला. "जिदहफ्स टू सित्रा, सित्रा टू जिदहफ्स, संडे को चर्च. बस! सीटका प्लॅस्टिकभी अभी तक निकाला नहीं. उन्हाळ्यात पाठ चिकटते माझी! और बारिश में मालूम है क्या करता है ये? सब रास्ते में पानी भरता है, तो ये गाडी उंच जागेवर लावून ठेवतो, आणि स्वतः कंपनीच्या बसने जातो!"

"खराब होती है ना पानी में," वॉरन पुटपुटला.

हाशिम इतका हसला की चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. डोळे पुसून तो म्हणाला, "देखो, सदीक. मैं ये गाडी लेगा. लेकिन रेत में चलती देखेगा, तभी. और चलाएगा तुम. तुम्हारा बच्चा, तुम चलाव."

वॉरनने गाडीच्या दारावरून हात फिरवला. खाली दगड लागला तर? रंगाला वाळू घासली तर? पण हा गेला तर दुसरं स्थळ नाही, आणि रविवार उद्यावर आलेला. तो चालकाच्या सीटवर बसला. सॅब्रिना मागच्या सीटवर चढली, आणि दार लावण्याआधी तिने प्लॅस्टिकचं कव्हर दोन्ही हातांनी टराटरा फाडून गल्लीत फेकलं.

"सॅब्रिना!"

"चल तू. यल्ला!"

सखीरला ऊन कलतं होतं. तेलाच्या पाइपलाइनी मागे पडल्या, हिवाळी तंबूंच्या रांगा लागल्या, आणि मग डांबर संपलं. वॉरनने ब्रेक दाबला आणि गाडी डांबराच्या शेवटच्या वीतभर तुकड्यावर थांबवली. हाशिम उतरला, काटकीने एकेका टायरची हवा सोडू लागला. तो सूं सूं आवाज वॉरनला ऐकवेना.

"पहिया थोडा फैलना मांगता," हाशिम आत बसत म्हणाला. "अब एक बात. ब्रेक मफी. रेत में रुका तो डूबा. धीरे धीरे, लेकिन रुकना नहीं."

वॉरनने गाडी घातली. चाकांखालचा ओळखीचा आवाज एकदम नाहीसा झाला आणि बूड थोडं हललं. समोर मऊ वाळूचा चढ आला आणि आयुष्यभराच्या सवयीने वॉरनचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. पुन्हा निघायला गेली तर चाकं खाली खाली जाऊ लागली.

"बोला ना, ब्रेक मफी!" हाशिम ओरडला.

तिघं उतरले. सॅब्रिनाने चप्पल काढून चपलेनेच वाळू उपसली. चर्चला जायच्या चांगल्या चपला होत्या त्या. हाशिम गुडघा धरून सूचना देत होता. वॉरन पोटावर आडवा झाला आणि दोन्ही हातांनी चाकापुढची वाळू ओढू लागला. हे काम त्याला चांगलं येत होतं. जन्म त्याचा खड्ड्यांत गेला होता. पण आज त्याच्या डोक्यावर ती हिरवी गाडी होती, वाळूने माखलेली, आणि जपानी म्हाताऱ्याने सांगितलेले ते लाइनमन त्याला आठवले. तेही असेच बर्फात आडवे झाले असतील.

दुसऱ्यांदा तो ब्रेक विसरला. गाडी मागे घेतली, हळूच पुढे काढली, आणि चढ आला तेव्हा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर रोवून तसाच ठेवला. इंजिन खालच्या सुरात घुमू लागलं. पुढचं डावं चाक सरकलं, तेवढ्यात मागच्या उजव्याने भार घेतला. ते निसटतंय म्हणेपर्यंत तिसऱ्याने. कोण ओढतंय, कोण ढकलतंय, काही कळत नव्हतं. सोळा वर्षं जे लोकांना तोंडाने सांगितलं ते आता त्याला बुडाखाली, मनगटात, छातीत जाणवत होतं. काचेसमोर नुसतं आकाश दिसलं आणि पुढच्याच क्षणी गाडी टेकाडावर होती!

"अरे देवा! वॉरन! अरे, वर आलो की!" सॅब्रिना मागून त्याच्या पाठीत गुद्दे घालत होती. वॉरन हसत होता की ओरडत होता ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तो उतारावरून खाली आला, वळला, आणि कुणाला न विचारता परत चढला. मग दुसऱ्या बाजूने. मग सखल भागातल्या ओल्या खाऱ्या मातीतून, चिखलाचे फवारे उडवत. तंबूंमधली पोरं टाळ्या पिटू लागली.

"खलास?" हाशिमने विचारलं.

"एक और!"

"खलास?"

"लास्ट! सच्ची, लास्ट!"

शेवटी गाडी टेकाडावर थांबली तेव्हा सूर्य टेकला होता. वॉरनने इंजिन बंद केलं. मग तो मराठीतच म्हणाला, सॅब्रिनाला की स्वतःला कोण जाणे, "महिनाभर मी लोकांना नापास करत होतो गं. माझी परीक्षा घेतली असती तर मीच पहिला नापास झालो असतो."

सॅब्रिनाने त्याच्या मानेवरची वाळू झटकली.

दुसऱ्या दिवशी गाडी हाशिमच्या नावावर झाली. दुपारी तो भाच्याला घेऊन न्यायला आला. रात्रभर गाडी गल्लीत तशीच उभी होती, दारांपर्यंत चिखल वाळलेला, काचांवर वाळूचे ओघळ. मुलगी अशी कोण पाठवतं? वॉरन सवयीने बादली भरून, फडकं खांद्यावर टाकून खाली उतरला. त्याने फडकं बुडवलं, पिळलं, आणि बॉनेटपाशी जाऊन उभा राहिला.

"धोएगा?" हाशिमने विचारलं.

वॉरनने गाडीकडे नीट पाहिलं. मग पुढच्या जाळीवरचे सहा तारे तेवढे पुसले, आणि फडकं बादलीत टाकलं.

"नहीं," तो म्हणाला. "ऐसीच ले जाव."

हाशिमने किल्ली फिरवली. गाडी गल्लीतून निघाली. शेजारचे लोक बघायला बाहेर आले. डिमेलोंची गाडी आणि एवढी मळकी, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाजाराच्या कोपऱ्यावर वळताना तिच्या चाकांतून वाळलेल्या चिखलाचं एक मोठं ढेकूळ सुटून रस्त्यावर पडलं आणि फुटलं.

"माझी आहे ती," वॉरन शेजाऱ्यांना छाती पुढे काढून सांगत होता. "काल डेझर्टमध्ये गेली होती."