मल्हारीच्या पाठीचं दुखणं

"हे लाल आहे का हिरवं?" डॉ. कल्याण खरातांनी औषधाचं खोकं मल्हारीसमोर धरलं.

"मातकट दिसून राह्यलंय, सायब."

खोकं लालभडक होतं.

मल्हारी वडीगोद्रीकडचा मेंढपाळ. अंगात ताप, पाठ धरलेली. मणक्याचा क्षय म्हणून दहा महिने तो इमानदारीनं गोळ्या खात होता. ताप हटला नव्हता, नजर मात्र विझत चालली होती. त्यातली एक गोळी डोळ्यांवर जाऊ शकते, हे खरात दर वर्षी शिकाऊ डॉक्टरांना सांगत. त्यांनी ती तिथल्या तिथे बंद केली.

"मागच्या साली मेंढ्या गाभडल्या का तुमच्या? कच्ची पिल्लं पडली?"

मल्हारीची बायको गोपिकाबाई पुढे झाली. "अकरा गाभडल्या. समद्या ह्यांनीच हातानं मोकळ्या केल्या. पर हे आम्हाला कुणी इचारलंच न्हाई."

खरातांनी रक्त संभाजीनगरला पाठवलं. आठवड्यानं अहवाल आला. गाभडलेल्या मेंढ्यांकडून माणसाला लागणारा ताप होता. क्षयाचा कुठलाच पुरावा नव्हता.

त्यांनी जुनी फाइल काढली. क्षयाच्या निदानाखाली त्यांचीच सही होती. दहा महिन्यांपूर्वीच्या तपासणी शिबिरात क्षयाचे तीस रुग्ण शोधायचेच, असा वरून हुकूम होता. मणक्याचा एक्स-रे बघून शंका आली होती, तरी सही केली होती.

त्यांनी वरिष्ठांना फोन लावला.

"'उपचार पूर्ण, रुग्ण बरा' लिहा आणि मोकळे व्हा," साहेब म्हणाले. "रुग्ण शोधण्यात आपला जिल्हा पहिल्या पाचात आहे. आता कशाला उकरता?"

खरातांनी फोन ठेवला. त्यांना त्या आवाजाची किळस आली, भिंतीवरल्या टार्गेटच्या तक्त्याची आली, आणि सर्वांत जास्त आपल्या वळणदार सहीची. त्यांनी फाइलवर लिहिलं : निदान चुकले. औषधाने दृष्टी अधू झाली. जबाबदार मी. नवरा-बायकोला बोलावून त्याची एक प्रत त्यांनी मल्हारीच्या हातात दिली.

"चूक माझी आहे. तक्रार करा. मी नाही म्हणणार नाही."

"डोळे येतील का माघारी?"

"थोडे येतील कदाचित. पूर्ण येतील असं सांगवत नाही."

मग गोपिकाबाई म्हणाली, "तुमच्या भरवशावर गोळ्या दिल्या, सायब. एक दिस चुकू दिला न्हाई."

मल्हारी उठला. दारात पायानं चाचपत वहाणा शोधू लागला. खरात वाकले, एक वहाण त्याच्या पायाशी सरकवली.

त्यानं पाय मागे घेतला.

"राहू द्या," तो म्हणाला. "घावंल मला."


आणि खाली बसून दोन्ही हातांनी फरशी चाचपू लागला.