नळाची पहिली धार
रोह्यातल्या जुन्या इमारतीत राहायला आल्यापासून मृदुलाच्या तान्ह्या ओवीचं पोट सारखं बिघडत होतं. पाणी उकळूनही फरक नव्हता. आधी तिला जवळच्या धाटावच्या रासायनिक कंपन्यांचा संशय आला. पण खालच्या टाकीतलं पाणी नितळ निघालं. घरच्या नळाचं सकाळी तांबूस. म्हणजे काळंबेरं भिंतीतल्या गंजक्या पाइपातच!

सासूबाई पहाटे पहिली धार देवासाठी तांब्यात आणि पिण्यासाठी हंड्यात भरून ठेवत. आज मृदुलाने ग्लासभर ठेवून ती मोरीत सोडून दिली.

“अगो, पहिलं पाणी देवाचं!”

“रात्रभर गंजात पडलेलं, आई? हे बघा.”

सासूबाईंनी तांबूस ग्लास उजेडात धरला. मग हंड्याकडे संशयाने बघत म्हणाल्या, “देव्हाऱ्यातला तांब्या पण ओत गो.”