हातगुणाचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नाही, रक्त घेताना शीर वर यावी म्हणून दंडाला करकचून बांधतात ना, तो रबरी.

माझ्या पाकिटावर ठळक छापलं होतं, ‘एकदाच वापरा’. म्हणजे आयुष्य दोन मिनिटांचं. मोठ्या सिस्टरांनी ते सहा महिने ताणलं. पहिल्याच दिवशी एकाची हट्टी शीर पटकन सापडली आणि त्यांनी जाहीर केलं, “या पट्ट्याला हातगुण आहे.” झालं. तेव्हापासून मुक्काम त्यांच्या खिशात, रुमाल आणि अर्ध्या बिस्किटाशेजारी.

सुई दरवेळी नवी. मी मात्र तोच. घाम, खरूज, रक्ताचे थेंब, सगळं अंगावर घेऊन या दंडावरून त्या दंडावर. सिस्टरांची नोकरी चौतीस वर्षांची, त्यांना बोलणार कोण? डॉक्टरही बघून न बघितल्यासारखं करायचे. मोठी माणसं एकमेकांच्या चुका फार मायेनं सांभाळतात.

आज सकाळी एका काकांच्या दंडावरून मला सोडलं. तिथे पू झालेला फोड होता. पुढच्या खुर्चीत नऊ वर्षांची मुलगी, औषधांनी केस गेलेले, सोबत आजी. तिच्या अंगात एवढीशी लागण झेलायचीही ताकद नव्हती. मी तिच्याकडे निघालो आणि मला थांबता येईना.

तिनेच हात मागे घेतला. “हा त्या काकांचाच ना?”

“गप गं,” आजी म्हणाली. “मोठ्यांना असं विचारतात?”

“घरी माझा पेलासुद्धा वेगळा ठेवतेस. मग पट्टा सगळ्यांचा का?”

सिस्टर हसल्या. “अगं, याला हातगुण आहे. दुसरा पट्टा बांधला तर चारदा टोचावं लागेल.”

“टोचा चारदा. पण नवा आणा.”

सिस्टरांनी मला पहिल्यांदाच उजेडात धरलं. तपकिरी डाग पाहिले. हसू मावळलं. मग त्यांनी बेसिनवर हात खसखसून धुतले, नवे हातमोजे चढवले, नवं पाकीट फाडलं.

पहिल्याच टोचणीत रक्त आलं.

“हातगुण तुमच्या हातातच होता की,” मुलगी म्हणाली.

सिस्टरांनी मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पुढच्या माणसासाठी आणखी एक पाकीट फाडलं.

आता मी डब्याच्या तळाशी आहे. वरून एकेक पट्टा येऊन पडतोय, दोन मिनिटं जगलेला, एकाच माणसाचा. मजेत आहे मी. तुमच्या दंडाशी कोणी पट्टा आणला तर विचारा, आधी कोणाला बांधला होता? आणि शेजारचं मोठं माणूस ‘गप’ म्हणालं, तर जरा मोठ्याने विचारा.