खोडाळ्याला चालेल अशी बेस गिटार

जव्हारच्या इदरीसची बेस गिटार मोखाड्याच्या घाटात जीपच्या टपावरून घरंगळली आणि तिची मान मोडली. तेव्हा त्याच्या बेंजो पार्टीतल्या पोरांनी आधी ढोल शाबूत आहे का ते पाहिलं. बेसकडे कोण बघतो? बेंजो थेट कानात शिरतो, ढोल लांबून दिसतो. बेस नसली की मात्र नाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन पोकळ होते. हे इदरीसला ठाऊक होतं, आणि खोडाळ्याच्या जिवाभाऊला.

जिवा भात लावायचा, नागली लावायचा, आणि पीक घरात आलं की भोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकायचा. मुलीचं, शीलाचं लग्न ठरलं तसा तो इदरीसच्या दारात येऊन उभा राहिला.

"इदरीसभाय, पोरं म्हणतात औंदा नाशिकचा डीजे आणू. मी म्हटलं, आधी भायला विचारतो. पण तुझा तो जाडा आवाजच नाय, तर मी पोरांना काय सांगू?"

इदरीसने मनात हिशोब केला. खोडाळ्याने डीजे बोलावला की भोवतालचे पाडेही तोच बोलावणार. मग वीस वर्षांची पार्टी मोडून त्याला नुसते पलंग आणि दरवाजे ठोकत बसावं लागलं असतं. तो सुतार होता, पण मन वाजवण्यातच होतं.

"आणतो जाडा आवाज. तूच चल निवडायला."

आतून त्याची बायको शायस्ता म्हणाली, "माझं शिलाई मशीन न विकता घरात राहील एवढ्या पैशातच निवडा म्हणजे झालं."

दोघे एसटीने नाशिकला गेले. दुकानदाराने लाल, चकचकीत बेस काढून दिली. "नवा माल आहे मास्तर. सगळ्या ऑर्केस्ट्रांत हीच चालते."

इदरीसने तिच्यावर तारप्याची एक चाल वाजवली. जिवाच्याच खळ्यावर बसून शिकलेली. आवाज मोठा होता, कडक होता. पण बोट सरकलं की तार करकर करी, आणि सूर सुटला तरी मागे झणझण उरे. जिवाने थोडं ऐकलं, मग वळून दारातून रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसला.

"कशी आहे, जिवाभाऊ?"

"बरी हाय."

हातातल्या पैशात ती ओढूनताणून बसत होती. इदरीस घेणारच होता. तेवढ्यात त्याची नजर हार्मोनियमच्या मागे टांगलेल्या एका काळपट बेसवर गेली. कोणाच्या तरी कोपराने घासून तिच्या कडेचा रंग उडाला होता.

"ती कशाला?" दुकानदार म्हणाला. "कोणीतरी विकायला ठेवलीय. तारासुद्धा जुन्या, सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत. चमक नाही आवाजाला. स्वस्तात देईन, पण नंतर माझ्या नावाने ओरडू नका."

इदरीसने ती उतरवली. फळी पारखावी तसा एक डोळा मिटून त्याने मानेवरून बघितलं. मान सरळ होती. लाकडावर बोटाने ठोकलं. लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं होतं. वायर जोडून त्याने तीच चाल धरली.

आवाज मोठा नव्हता. पण काय आवाज होता! गोल, भरलेला, जुन्या मोठ्या रेडिओतून निघायचा तसा. प्रत्येक सूर जमिनीवर टेकायचा आणि तिथेच थांबायचा, पुढच्याला जागा देऊन.

बाहेरून चहावाल्या पोराने हाक मारली, "काका, चहा निवतोय!"

दारातला जिवा आता दुकानाकडे तोंड करून उभा होता. चहासाठी तो बाहेर निघाला, पण उलटा, एकेक पाऊल मागे टाकत. मागच्या ढोलकीला त्याची टाच लागली आणि ढोलकी गडगडत गेली.

"अहो, सरळ चाला की!" दुकानदार ओरडला.

"कसा चालू? हा वाजवतोय ना!"

इदरीसचा हात थांबला. तसा जिवा पटकन वळला, ढोलकी उचलून जागेवर ठेवली आणि चहा घ्यायला गेला.

नाचात तारपा मधोमध वाजतो, आणि तो वाजत असताना डोंगरातला माणूस त्याला पाठ दाखवत नाही. लाल गिटारीवर चाल तीच होती, तिला जिवाने खुशाल पाठ दाखवली होती. आत्ता आपणच निवड करून टाकली याचा त्याला पत्ताही नव्हता.

"हीच द्या," इदरीस म्हणाला.

लग्नात इदरीस नेहमीसारखा कडेला, जनरेटरच्या हातगाडीपाशी उभा राहिला. दोन चाली झाल्या. नाचाची साखळी पुढे नेणारी म्हातारी ठकी साखळी सोडून आली आणि तिने त्याची बाही धरली.

"इथं कडेला काय उभा राहतोस? मधी ये."

"बाय, वायर पुरत नाय."

"मग गाडी आण!"

डीजे मागणाऱ्या पोरांनीच हातगाडी ढकलत अंगणाच्या मध्यावर आणली. धूर सगळ्यांच्या नाकात गेला, पण कोणी कुरकुर केली नाही. साखळी त्याच्याभोवती फिरू लागली, सगळी तोंडं आत.

नाचता नाचता ठकीला तहान लागली. तिने हात सोडवला आणि माठाकडे निघाली, उलट्या पावलांनी. जिवा धावत तिच्या मागे गेला.

"बाय, जपून. मागं चूल हाय."

"मग तू बघ मागं," ठकी म्हणाली. "मना ह्याला बघू दे."