बांधाशी थांबलेला वारा

तानुबाईनं कोयता हाणला आणि केळीचं आडवं खोड भच्चकन दोन झालं. चिकाचं पाणी तोंडावर उडालं. केळीचा डाग एकदा लुगड्याला लागला की लुगडं फाटलं तरी जात नाही, पण तीन दिवसांत लुगड्याकडे पाहिलंय कोणी? आधी बाग तर साफ व्हायला पाहिजे होती.

बुधवारी दुपारी पश्चिमेकडून असं वावधन सुटलं की सावद्याच्या बाजारातले पत्रे उडाले म्हणतात. पाव तास, जास्त नाही. पण तेवढ्यात आठ महिन्यांची बाग झोपली. नुकतीच निसवलेली, घड बाहेर पडलेली केळी; घडाला बोटाएवढी फळं. व्यापारी तर सोडाच, त्यांना बकरीसुद्धा तोंड लावत नव्हती.

"तानू," शेजारची वच्छलाबाई पानं ओढता ओढता म्हणाली, "तुमच्या देवाले डोये हायेत का न्हाई वं?"

"असतीन."

"मंग तुह्या बागेचा असा इस्कोट केला, अन् बांधापल्याड पान फाटलं न्हाई! हा कोन्या गावचा न्याव?"

तानुबाईनं पुढचं खोड ओढलं. हाच प्रश्न तीन दिवस तिच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता.

बांधापल्याडची बाग सुकदेवची. सुकदेव म्हणजे तिचा सख्खा दीर, गावच्या ख्रिस्ती मंदिरातला पंच. सासऱ्यांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या मागे शेताचे दोन तुकडे झाले. तिचा नवरा जीवराम थोरला, म्हणून भोळेपणानं म्हणाला, "धाकल्याले आधी निवडू द्या." सुकदेवनं विहिरीजवळचा पूर्वेचा तुकडा घेतला. वाऱ्याच्या तोंडचा पश्चिमेचा तुकडा यांच्या पदरात पडला. भोळ्याची भाकर कुत्रं नेतं, ते काही उगीच म्हणत नाहीत.

वाऱ्याला आडोसा म्हणून बागेच्या कडेनं शेवरी लावतात, हे खानदेशात पोरासोरांना ठाऊक आहे. दोन वर्षांमागं तानुबाई सुकदेवला म्हणाली होती, "भाऊजी, पश्चिमेच्या बांधावर दोघं मिळून शेवरी लावू." सुकदेव हसला होता. "वयनी, आपली राखण करनारा वर बसेल हाये. ज्याचा भरवसा कमी, त्यानं शेवरी लावावी." मग तिनं एकटीनं लावली. डोक्यावर हंडे वाहून रोपं जगवली.

तेवढ्यात सुकदेवच बांधावर आला. पांढरीफेक बंडी, हातात छत्री.

"सलाम, वयनी."

"सलाम, भाऊजी."

"देखा, परमेश्वराची कशी दया! वारा माह्या बांधालोक आला अन् थबकला. जसा काही कोनी हात आडवा केला. मी तं गुडघे टेकून उपकार मानले. उद्या उपकाराच्या रविवारी मंदिरात उभा राहून सांगनार हाये."

"सांगा ना."

"तुम्हीबी उभ्या राहा. जीव वाचला, डोक्यावर छप्पर हाये. दुःखातबी उपकार मानले पाह्यजेत, वयनी. उपकार न मानता बसनं बरं न्हाई."

तो गेला. वच्छलाबाई त्याच्या पाठीकडे पाहून थुंकली. "उपकार मानतो! एक गडी तं पाठवला असता मुडद्यानं, हे आडवं पडलेलं उचलायले."

दुपारी तानुबाई घरी गेली. जीवराम खाटेवर बसून धापा टाकत होता; दम्यानं त्याचं शेत सुटलं होतं, प्रार्थना सुटली नव्हती. ताट पुढं आलं तसे त्यानं हात जोडले. एरवी गावची बोली बोलणारा हा माणूस देवाशी मात्र पुस्तकातलं बोलायचा. "हे स्वर्गीय पित्या, या भाकरीबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. आमेन."

तानुबाईनं डोळे मिटलेच नव्हते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

"तू आमेन म्हटलं न्हाई," जीवराम म्हणाला.

"कोन्या तोंडानं म्हनू? तुमच्या भावाची बाग उभी हाये म्हनून मानू का उपकार? का माही पडली म्हनून?"

जीवरामनं भाकरीचा तुकडा हातातच धरला. छातीत शिट्टी वाजत होती. मग म्हणाला, "खोटे उपकार मानू नको. देवाले खोटं चालत न्हाई. जे खरं अशीन ते सांग. पन त्याच्याशी अबोला धरू नको, तानू. इतक्या वर्साचं बोलनं हाये आपलं त्याच्यासंगं."

तिला रडू आलं. रागही आला. ती अर्धी भाकर टाकून शेतात परत आली.

दिवस कलताना दोघी खोडं ओढत सुकदेवच्या बांधाशी पोचल्या. तानुबाईनं कंबर सरळ केली, मागं वळून पाहिलं, आणि पाहतच राहिली. पश्चिमेची शेवरी मुळासकट उपटून पडली होती. तिच्यामागच्या केळी कंदासकट उलथल्या होत्या. मधल्या ओळी कंबरेत मोडल्या होत्या. पुढच्या नुसत्या लवल्या होत्या. आणि बांधालगतची शेवटची ओळ? ती उभी होती, फक्त पानं चिंध्या झालेली.

"वच्छले," ती हळूच म्हणाली, "वारा थांबला न्हाई वं. तो थकला. माही शेवरी अन् माह्या बाराशे केयी मोडता मोडता थकला."

रविवारी मंदिर भरलं. बाया डावीकडे सतरंजीवर, बाप्ये उजवीकडे. त्या गावची रीत अशी, की उपकाराच्या रविवारी एकेका घरानं शेतातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवायचं, उभं राहून उपकार सांगायचे, आणि मंडळीनं एका सुरात 'आमेन' म्हणायचं. कोणी म्हैस व्याली म्हणून सांगितलं, कोणी पोरगा मॅट्रिक झाला म्हणून. आमेन, आमेन.

सुकदेवनं दोन गड्यांकरवी मोठा घड आणवला. छाती भरून म्हणाला, "प्रभूनं वाऱ्याले माह्या बांधाशी थांबवलं. माही एक केयी पडली न्हाई."

"आमेन!" पत्रे दणाणले. तानुबाईची पडलेली बाग सगळ्या गावानं पाहिली होती. पण आमेन म्हणताना तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मग पाळकसाहेबांनी बायांकडे मान वळवली. तानुबाई उठली. पदराखालून तिनं शेवरीचा मोडका दांडा काढला आणि बोटाएवढ्या फळांचा हिरवा घड. दोन्ही त्या मोठ्या घडाशेजारी ठेवले. मग सरळ उभी राहून ती म्हणाली,

"मी परमेश्वराचे उपकार मानते. त्यानं मले सुकदेव भाऊजीच्या बागेचं कुंपन केलं. शेवरी माही पडली, केयी माही पडली, त्याच्यामुळं भाऊजीची उभी राह्यली. भाऊजीनं तुले हे सांगितलं न्हाई, देवा, म्हनून मी सांगते."

"आमेन!"

सवयीनं निघून गेलं सगळ्यांच्या तोंडातून. सगळ्यात मोठा आवाज सुकदेवचा होता. पंच ना तो, आमेनची सुरुवात त्याचीच. आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं आपण कशाला आमेन म्हटलं ते. सतरंजीवर एक म्हातारी खोकली. पाळकसाहेब घाईघाईनं गीताचं पान शोधू लागले.

सोमवारी तानुबाई पुन्हा शेतात. सुकदेव बांधावर आला. आज छत्री नव्हती, मान खाली होती. बराच वेळ पायानं ढेकूळ फोडत उभा राहिला. तिला वाटलं, आता म्हणेल काहीतरी. जीवरामचा भाऊच आहे शेवटी, एकाच आईचं दूध प्यालेला. तिनं कोयता खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. तिच्या मनातलं अर्धं तर तेव्हाच विरघळलं होतं.

"वयनी," तो म्हणाला, "काल तुम्ही खरं बोलल्या. रातभर झोप न्हाई मले."

"बोला, भाऊजी."

"औंदा शेवरी जरा दाट लावजा."

तानुबाईनं वाकून कोयता उचलला.

"आमेन, भाऊजी," ती म्हणाली, आणि पुढच्या खोडावर घाव घातला.