मागच्या पंखाखालची पाचर

चला, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्या पायाखाली तुमच्याच उंचीएवढा एक बोर्ड आहे. बोर्डाच्या पोटातून एक खांब खाली पाण्यात गेलाय, तुमच्या कमरेइतका लांब. खांबाच्या टोकाला आडवा दांडा, दांड्याच्या पुढच्या टोकाला मोठा पंख आणि मागच्या टोकाला वीतभर छोटा पंख. तुमच्या हातात हवा भरलेलं शीड आहे. त्यात वारा भरला की बोर्ड हळूच पाणी सोडतो आणि वर उठतो. लाटांची थपथप एकदम बंद होते. खाली पाणी, वर तुम्ही, मधे नुसती हवा. उठलात? छान. आता तसेच राहा. आणखी वर जायचं नाही, खालीही यायचं नाही.

इथेच तर सगळी अडचण आहे.

वाइलानाचंही इथेच अडत होतं. बारा वर्षांची मुलगी, माऊई बेटावर जन्मलेली, चालायला लागायच्या आधी पाण्यात गेलेली. पण गेले चार महिने रोज दुपारी कानाहाच्या किनाऱ्यावर तेच घडत होतं. बोर्ड उठायचा, उठतच राहायचा, एखाद्या घोड्यासारखा पुढचे पाय वर करायचा, आणि मग फाडकन तिला पाण्यात आपटायचा. पुढच्या पायानं ती जीव खाऊन दाबून धरायची. मांडी थरथरायला लागायची. तरी काही उपयोग नाही.

किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्यावर तरंगणारा खुणेचा एक पिवळा बोया होता. तिथे जाऊन, वळून, एकदाही न पडता परत यायचं. असं दहा वेळा जमलं, की पापा तिला मालिकोला नेणार होता. मालिकोच्या घळीतून उघड्या समुद्रात शिरायचं आणि वाऱ्याबरोबर लाटांच्या पाठीवरून थेट कानाहापर्यंत उडत यायचं. पापा आणि ती, दोघंच, शेजारी शेजारी.

पापा म्हणजे केओनी. चार महिन्यांपूर्वी तो लास व्हेगासला गेला, तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करायला. त्यांचं भाड्याचं घर मालकानं विकायला काढलं होतं, आणि बेटावर दुसरं परवडणारं मिळेना. जाताना त्यानं स्वतःचं फॉइल, म्हणजे बोर्ड, खांब आणि पंख असं सगळं, वाइलानाला दिलं. "हे आता तुझं," तो म्हणाला. "फक्त मागच्या पंखाला हात लावायचा नाही. मी अगदी अचूक बसवलाय."

दर रविवारी त्याचा फोन यायचा. "इथे निम्मी माणसं आपलीच आहेत गं. आपली मोठी बेटं आठ, म्हणून नववं बेट म्हणतात ह्याला. फक्त येताना समुद्र आणायचा विसरले लेकाचे!" मग तो मोठ्यानं हसायचा आणि विचारायचा, "हं, बोयाच्या फेऱ्या किती झाल्या?"

पहिल्यांदा ती "एक" म्हणाली. खरं म्हणजे अर्धीसुद्धा झाली नव्हती. पण फोनवर पापाचा आवाज इतका दमलेला होता, आणि "एक" ऐकल्यावर तो इतका खुलला, की पुढच्या रविवारी ती "तीन" म्हणाली. मग "सहा". ती "दहा" म्हणाली त्या दिवशी पापानं फोन तसाच हातात धरून सगळ्या स्वयंपाकघराला ओरडून सांगितलं. तिकडे कुणीतरी पातेलं वाजवलं. वाइलानानं फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

आता शेवटचा आठवडा उरला होता. गुरुवारी संध्याकाळी पापा येणार. शनिवारी मालिको. रविवारी सगळे विमानात, पापा, मम्मी, ती आणि अकरा खोकी. व्हेगासला वाळू भरपूर आहे म्हणे. पाणी नाही.

सोमवारी ती एकवीस वेळा पडली. मंगळवारी मोजणं सोडून दिलं.

"अगं ए बेडके!" किनाऱ्यावरून तिचा मावसभाऊ काइपो ओरडला. तो चौदा वर्षांचा होता आणि त्याला सगळं येत होतं, निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं. "उडायचंय की उड्या मारायच्यात?"

"तोंड मिट, काइपो."

"तुझा मागचा पंख बघ की जरा. पापडाएवढा आहे. असला पंख तुझ्या पापासारख्यांसाठी असतो. शिकाऊ माणसाला मोठा लागतो, म्हणजे बोर्ड डगमगत नाही. घे माझा जुना. परत दे मात्र."

वाइलाना तो मोठा पंख हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. पापानं हात लावू नको म्हटलं होतं. पण शनिवार पुढे दिसत होता. शेवटी तिनं वाकडा छोटा पाना घेऊन दोन स्क्रू काढले. पंखाखालून प्लॅस्टिकची एक पातळ चकती निसटून वाळूत पडली, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी. पापानं बसवलेली. तिनं ती धुतली, पुसली आणि मोठ्या पंखाखाली होती तशीच्या तशी परत ठेवली. पापाचं सगळंच मोडायचं नाही, एवढं तरी.

बुधवारी वारा सणसणीत होता. मोठ्या पंखानं बोर्ड डगमगत नव्हता, ते खरं. पण तो एवढ्या जोरात उसळला, की पुढचा पंख पाण्याबाहेर आला, ती हवेत फेकली गेली आणि बोर्डाची कड हनुवटीवर बसली. काइपोनं धावत येऊन तिला ओढून काढलं. ह्या वेळी तो बेडकी म्हणाला नाही.

"रक्त येतंय," तो हळूच म्हणाला. "वाइ, सोड ना. सांग तुझ्या पापाला की हनुवटी फुटली. मग मालिकोला जावं लागणार नाही."

किती सोपं होतं! पण मग मालिको कधीच होणार नाही. आणि त्या दहा फेऱ्या तशाच राहतील, खोट्या, पार व्हेगासपर्यंत.

गुरुवारी सकाळी तिनं दोन पंख पिशवीत भरले, पापाचा छोटा आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेला एक मधला. काइपोचा मोठा बोर्डालाच राहू दिला. बोर्ड डोक्यावर घेतला आणि ती उलुलानी आंटीच्या शेडवर गेली. आंटी सत्तरीची होती. अर्ध्या माऊईचे बोर्ड तिनं दुरुस्त केले होते. डोळ्यावर चष्मा, गळ्यात दोरीला दुसरा चष्मा.

"ये गं. हनुवटीला काय झालं?"

"आंटी, ह्या तिन्हींपैकी कुठला लावू ते सांग. आजच. आत्ताच." आणि बोलता बोलता तिचा आवाज रडवेला झाला. "काहीच चालत नाही. मी रोज पडते. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

आंटीनं तिच्यासमोर भाताची मुसुबी ठेवली. "आधी खा. रिकाम्या पोटी पंख निवडत नाहीत."

ती खात असताना आंटीनं बोर्ड उलटा करून टेबलावर ठेवला. कालचा मोठा पंख अजून लागलेलाच होता. तिनं चष्मे बदलले आणि दांड्यावरून बोट फिरवलं.

"गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढतेस की नाही कधी? तळहात जरा तिरका केला की काय होतं?"

"हात वर जातो."

"आणि दुसऱ्या बाजूला तिरका केला की?"

"खाली."

"पुढचा पंख तुला वर उचलतो. मागचा शेपटीला खाली दाबतो, म्हणजे तोंड वर राहतं. मागचा जितका जास्त तिरका, तितका बोर्ड तोंड वर काढणार. आणि पंख मोठा असला तर तिरकेपणाचा जोर आणखी वाढणार. आता सांग, ह्याला इतका तिरका कुणी केला?"

"कुणी म्हणजे? पापानंच बसवलाय. अचूक बसवलाय."

आंटीनं दोन स्क्रू काढले आणि ती प्लॅस्टिकची चकती दिव्यासमोर धरली. "ही पाचर आहे. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची दिसते. केओनीचंच काम, ओळखते मी. वजन किती गं त्याचं?"

"एकशे दहा किलो."

"आणि तुझं?" आंटीनं तिला काखेत धरून जमिनीवरून उचललं आणि 'हुं' करत खाली ठेवलं. "तांदळाचं एक पोतंसुद्धा भरत नाहीस. जायच्या आदल्या दिवशी तो पाण्यात गेला असेल. वारा मंद असेल. जड माणूस मंद वाऱ्यात उठत नाही, म्हणून त्यानं पाचर घातली. अचूकच बसवलाय, पण स्वतःसाठी. मग तुला देताना काढायची राहून गेली. निघायच्या घाईत माणूस काय काय विसरतो."

वाइलाना त्या चकतीकडे बघत राहिली. चार महिने! आणि परवा तिनंच ती धुऊन, पुसून, जपून परत बसवली होती.

"मग कुठला पंख लावू?"

"त्याचाच. छोटा. तू हलकी आहेस, तुला तेवढा पुरे. फक्त पाचर नको. किंवा नखाएवढी बारीक. ते पाण्यात बघूनच ठरवायचं, आणि केओनीला ते चांगलं कळतं. त्याला सांग, चार महिने पडतेय म्हणून."

वाइलाना काइपोचा मोठा पंख पिशवीत भरायला लागली.

आंटीनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "त्याला ठाऊक नाही?"

"मी त्याला सांगितलंय, दहा झाल्या."

आंटी रागावेल असं तिला वाटलं. आंटी नुसती स्टुलावर बसली.

"मी त्याला सांगणार नाही," ती म्हणाली. "माझं काम पंखाचं, आणि पंख निवडून झाला. पण एक लक्षात ठेव. कानाहाला पडलीस तर काइपो ओढून आणतो. मालिकोच्या बाहेर पाणी काळं आहे, आणि वारा कुणासाठी थांबत नाही. तिथे तू खरोखर दहा वेळा केलंयस असं समजून तुझा बाप पुढे निघून जाईल."

तिनं छोटा पंख पाचर न घालता बसवला आणि पाचर वाइलानाच्या मुठीत दिली.

संध्याकाळी पापा आला. बारीक झाला होता. त्यानं तिला उचललं, हनुवटीवरची पट्टी बघितली आणि म्हणाला, "वा! खऱ्या उडणाऱ्यांची खूण!" तिच्या तोंडाशी शब्द आला होता. पण मम्मी रडत होती आणि हसत होती, आणि शब्द परत खाली गेला. शुक्रवारचा दिवस खोकी बांधण्यात गेला. प्रत्येक खोक्याला चिकटपट्टी लावताना ती ठरवायची, ह्याच्यानंतर सांगते. अकरा खोकी झाली. पाण्यात जायलाही मिळालं नाही.

शनिवारी मालिकोच्या घळीत मम्मीनं ट्रक उभा केला. घळीच्या तोंडापलीकडे समुद्र पांढरा झाला होता. लाटा आडव्या धावत होत्या, कुणीतरी हाकलल्यासारख्या. पापानं उसना आणलेला बोर्ड काढला, शीळ घालत शिडात हवा भरली. घर विकायला निघाल्यापासून त्याला असं शीळ घालताना कुणी ऐकलं नव्हतं.

"मी पुढे, तू माझ्या डाव्या हाताला. मागे वळून बघणार नाही हं, दहावाली!" तो म्हणाला. "मागचा पंख मी ठेवला तसाच आहे ना?"

वाइलानाचे पाय पाण्यात होते. तिला वाटलं, होऊन जाईल कदाचित. पाचर काढलीच आहे, आता उडेनही. फक्त हो म्हणायचं. एक शब्द. उद्या सगळं संपणारच आहे, मग पापाला हा एक दिवस का मिळू नये?

घळीबाहेर एक लाट फुटली, आणि तिचा आवाज दगडांतून फिरून त्यांच्यापर्यंत आला.

तिनं मूठ उघडली. घामानं ओली झालेली ती चकती पापाच्या तळहातावर ठेवली.

"पापा, दहा नाही झाल्या. एकसुद्धा नाही. मी एकदाही बोयापर्यंत गेले नाहीये."

पापानं चकतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत चकतीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं, भरती उतरते तसं. शिडाची दोरी त्याच्या हातून सुटली. मम्मी ट्रकमधून उतरली आणि तिथेच थांबली.

"ही मी काढायला हवी होती," तो हळूच म्हणाला. आणि मग, आणखी हळू आवाजात, "आणि तू मला सांगायला हवं होतंस. मी तुला त्या पाण्यात नेलं असतं, वाइ. मी मागे वळूनही बघितलं नसतं."

"आता मालिको नाही?"

"मालिको नाही."

ते ऐकणं काय होतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ती रडली, अगदी लहान मुलासारखी, आणि कुणी तिला थांबवलं नाही. पापानं बोर्ड परत ट्रकमध्ये चढवले.

पण मम्मीनं ट्रक घराकडे वळवला नाही. कानाहाला अकराच्या सुमारास वारा भरला, तेव्हा पापा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. अंगात व्हेगासहून आणलेला शर्ट, हात वर करून डोळ्यांवर सावली धरलेली.

"मी इथे उभा राहून मोजतो," तो म्हणाला. "अंधार पडेपर्यंत वेळ आहे."

वाइलानानं शीड उचललं. वारा भरला. बोर्डानं पाणी सोडलं, थपथप थांबली, आणि पहिल्यांदाच बोर्ड आणखी वर गेला नाही. तो नुसता चालत राहिला. पुढचा पाय हलका होता. बोया जवळ येत गेला, पिवळा, मोठा, आणखी मोठा. ती वळायला गेली, शीड पाण्याला टेकलं, आणि ती पडली.

वर येऊन तिनं तोंडावरचं पाणी निपटलं. किनाऱ्यावरून इतक्या लांबचं काही नीट दिसणार नव्हतं. पापाला ती वळली की पडली, हे कळलं असेल की नाही कोण जाणे.

तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले, छातीत मावेल तेवढा वारा भरून घेतला आणि ओरडली, "शून्य!"

मग तिनं बोर्ड स्वतःकडे ओढला.